गोंदण टिकतं, पापुद्रा निघतो: त्वचेच्या थरांची आणि पेशींची गोष्ट

डिसेंबरच्या अखेरीस निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली उतरला की नाशिककडची पोरं एक उद्योग हमखास करतात. नडगीवर नखाने रेघ ओढायची. रेघ पांढरीशुभ्र उमटते. मग कुणी त्यात आपलं नाव लिहितं, कुणी फुली-गोळा मांडतं. रक्त येत नाही, दुखत नाही, आणि आईने खोबरेल चोळलं की सगळं लिखाण गायब.

त्याच घरात आजीच्या हातावर गोंदण असतं. लग्नाआधी कुठल्याशा जत्रेत गोंदणारणीने सुईने टोचलेलं, तुळस किंवा नुसते ठिपके. पुढे त्या हाताने आयुष्यभर राखेने भांडी घासली, कांदे निवडले, धुणं बडवलं. गोंदणाच्या कडा थोड्या पसरल्या, काळा रंग हिरवट झाला, पण ते गेलं नाही.

रेघही त्वचेवरच, गोंदणही त्वचेवरच. फरक फक्त खोलीचा. नखाची रेघ मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्श्यात संपते. गोंदणाची सुई मिलिमीटरभर आत जाते. शाळेत आपण त्वचेची आकृती काढतो, थरांना रंग देतो, नावं लिहून मार्क मिळवतो. पण कोणती जखम डाग न ठेवता भरेल, कोणतं क्रीम निरुपयोगी ठरेल, कोणता रोग संसर्गाने पसरणार नाही, हे सगळं त्या थरांवरून कळतं, ते मात्र राहून जातं. म्हणून हा लेख थरांची नावं पाठ करण्यासाठी नाही. त्वचेचं काहीही झालं की आधी ‘किती खोल?’ असं विचारायचं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगितले आहेत: अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि मांसधरा. प्रत्येकाची जाडी भाताच्या दाण्याच्या मापात दिली आहे. पहिला थर दाण्याचा अठरावा भाग, शेवटचा दोन दाण्यांएवढा. शिवाय कोणत्या थरात कोणते रोग होतात हेही लिहिलं आहे. आजच्या सूक्ष्मदर्शकातले थर त्या सातांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि ओढूनताणून जुळवूही नयेत. पण रोगाचा पत्ता थराने सांगायचा, ही दृष्टी पक्की होती.

वरचा मेलेला थर

त्वचेचे मुख्य भाग दोन. वरची बाह्यत्वचा म्हणजे एपिडर्मिस, आणि तिच्याखालची अंतस्त्वचा म्हणजे डर्मिस. त्याखाली चरबीचा थर येतो. बाह्यत्वचा फारच पातळ असते. पापणीवर ती मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी भरते, तळव्यांवर सुमारे दीड मिलिमीटर. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. दाढी करताना नुसती साल निघाली आणि रक्त आलं नाही, तर ब्लेड बाह्यत्वचेतच थांबलं. रक्ताचा ठिपका दिसला, म्हणजे ते अंतस्त्वचेला लागलं.

बाह्यत्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेला असतो. त्याला शृंगी थर म्हणतात. यात चपट्या पेशींचे १५ ते २० पदर एकावर एक बसलेले असतात. या पेशींत केंद्रक नाही, श्वसन नाही. आत केराटिन नावाचं चिवट प्रथिन ठासून भरलेलं असतं. केस आणि नखंही याच प्रथिनाची. दोन पेशींमधल्या फटीत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं अशी चरबी भरलेली असते. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, हे काम हा थर करतो.

लासलगावच्या बाजारात येणारा उन्हाळ कांदा आठवा. तो चाळीत महिनोन्‌महिने टिकतो तो वरच्या वाळक्या पापुद्र्यांच्या जिवावर. पापुद्रा निघालेला कांदा लगेच सुकायला किंवा सडायला लागतो. कांद्याचा पापुद्रा मेलेलाच असतो, आणि आतला जिवंत ओलावा तोच राखतो. शृंगी थराचं काम नेमकं हेच. म्हणून ‘मृत त्वचा काढून टाका’ असं सांगत खरखरीत स्क्रब विकणाऱ्या जाहिराती मला धोक्याच्या वाटतात. तो मेलेला थर नसेल तर आपण सुकून जाऊ. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाच्या अंगातून पाणी झपाट्याने निघून जातं ते याच कारणाने.

आता नडगीवरची पांढरी रेघ समजेल. शृंगी थर लवचिक राहायला त्यात थोडं पाणी लागतं. कोरड्या थंडीत ते उडून जातं, पेशी ताठ होतात, त्यांच्या कडा उचलल्या जातात. नखाने त्या आणखी उचकटतात, मधल्या फटीत हवा शिरते आणि उजेड विखुरला जाऊन रेघ पांढरी दिसते. तेलाने त्या फटी भरल्या की रेघ दिसेनाशी होते. तेल त्वचेत ‘मुरून पोषण देतं’ असं आपण म्हणतो, पण त्याचा खरा उपयोग पाणी अडवण्याचा. म्हणूनच ते आंघोळीनंतर लगेच, अंग किंचित ओलं असताना लावावं. कोरड्या अंगावर तासाभराने चोळलं तर अडवायला पाणीच उरलेलं नसतं. खोबरेल, व्हॅसलिन, कोकमाचं तेल, यांतलं परवडेल ते घ्या. कढत पाणी आणि साबण मात्र थंडीत आवरते घ्यावेत. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. साबणाची वडी अल्कधर्मी, ९-१० पीएचची, आणि पेशींमधली चरबी ती धुऊन नेते.

टाचांना भेगा पडण्याचं कारणही इथेच आहे. तळपायाचा शृंगी थर अंगावरच्या इतर जागांपेक्षा कितीतरी जाड असतो, आणि तळहात-तळपायांवर तेल सोडणाऱ्या ग्रंथी मुळीच नसतात. जाड थर वाळला, वर शरीराचा भार पडला की तडा जातो. तडा शृंगी थरातच राहिला तर नुसती खरखर. तो अंतस्त्वचेपर्यंत उतरला की रक्त येतं, ठणका लागतो आणि जंतूंना आत वाट मिळते. मधुमेह असलेल्या माणसाला पायाची संवेदना कमी झाल्यामुळे हा ठणका जाणवतच नाही. त्यांच्या टाचा घरच्यांनी रोज पाहाव्यात.

गजकर्ण, म्हणजेच नायटा, हा रोगही मुख्यतः या शृंगी थरातच राहतो. त्याची बुरशी केराटिन खाऊन जगते. सगळीकडे घडणारा प्रकार असा: माणूस मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, “दादा, नायट्यावर काहीतरी द्या.” हातात येते एक ट्यूब, जिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, ट्यूब लागू पडली असं वाटतं. स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दाबलेला असतो, बुरशी तशीच असते. काही आठवड्यांत नायटा मांड्यांवरून कमरेपर्यंत पसरतो. कडा पुसट झाल्यामुळे मग डॉक्टरांनाही तो ओळखायला त्रास होतो.

तळापासून वरपर्यंत

शृंगी थरातली प्रत्येक पेशी काही आठवड्यांपूर्वी जिवंत होती. बाह्यत्वचेच्या अगदी तळाला पेशींची एक ओळ असते. तिला तळचा थर म्हणू. यातल्या मूळ पेशी सतत विभागतात. विभागून झालेली एक पेशी तळाला राहते, दुसरी वर निघते. या पेशींना केराटिनोसाइट म्हणतात, आणि बाह्यत्वचेतल्या दर १० पेशींपैकी ९ याच असतात.

वर निघालेली पेशी आधी काटेरी थरात येते. इथे शेजारशेजारच्या पेशी डेस्मोसोम नावाच्या जोडांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. त्वचा ताणली, घासली, पिळली तरी पेशी सुट्या होत नाहीत त्या या जोडांमुळे. नवीन चप्पल लागून फोड येतो तेव्हा घर्षणाने याच थरातल्या पेशी फाटतात आणि मध्ये पाणी भरतं. तळचा थर शाबूत राहतो, म्हणून तो फोड डाग न ठेवता भरतो. तो टाचणीने फोडून वरची साल ओढून काढू नये. खाली नवी त्वचा तयार होईपर्यंत तीच साल झाकणाचं काम करत असते.

त्यापुढचा कणदार थर मला सगळ्यात विलक्षण वाटतो. इथे पेशी ठरवून मरते. ती आधी चरबीने भरलेल्या बारीक पिशव्या बाहेर रिकाम्या करते. वर ज्या चरबीबद्दल वाचलं ती इथून येते. मग पेशी आपलं केंद्रक स्वतःच विरघळवते, आतलं बाकीचं सामान मोडीत काढते, केराटिन घट्ट बांधते आणि चपटी होते. हे मरण रोगाचं नाही किंवा जखमेचंही नाही. ते त्या पेशीचं कामच आहे. तळव्यांवर कणदार आणि शृंगी थरांच्या मध्ये आणखी एक पारदर्शक थर असतो.

तळापासून शृंगी थरात पोहोचायला साधारण दोन आठवडे लागतात, तिथून गळून पडायला आणखी दोन. वय वाढतं तसा हा काळही वाढतो. म्हणजे आज तुमच्या गालावर जो पृष्ठभाग आहे तो पुढच्या महिन्यात नसेल.

सोरायसिसमध्ये हाच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. पेशींना नीट तयार व्हायला वेळच मिळत नाही, त्या अर्धकच्च्या वर येतात आणि एकमेकींना चिकटून चंदेरी खवले धरतात. मुळाशी प्रतिकारशक्तीची गडबड असते. कोणताही जंतू नसतो. तो शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, गोदेच्या घाटावर शेजारी उभं राहून स्नान केल्याने तर मुळीच होत नाही. खवले दिसले म्हणून माणसाला पंगतीतून बाजूला बसवणाऱ्या घरांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

रंग कुठून येतो

तळच्या ओळीत केराटिनोसाइटच्या मध्ये अधूनमधून मेलॅनोसाइट बसलेल्या असतात. या पेशींना लांब फाटे असतात. मेलॅनिनचे कण बनवून त्या या फाट्यांतून शेजारच्या केराटिनोसाइटना पोचवतात. एक मेलॅनोसाइट साधारण ३५-४० पेशींना रंग पुरवते. रंग मिळालेली पेशी तो आपल्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला जमवते. केंद्रकात डीएनए असतो आणि अतिनील किरणांनी तो बिघडतो. मेलॅनिन ते किरण आधीच शोषून घेतं.

मेलॅनोसाइटची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो कणांच्या आकारात, प्रमाणात आणि ते कसे पसरतात यात. दिंडोरीच्या द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बाईचा मनगटाजवळचा हात आणि बाहीखालचा दंड यांत दिसणारा फरक हा त्याच पेशींनी कमी-जास्त केलेल्या कामाचा. उन्हाने रापलेला रंग काही आठवड्यांनी उतरतो, कारण रंग घेतलेल्या पेशी वर सरकून गळून जातात.

वांगाचं तसं नाही. वांगात कधी मेलॅनिन बाह्यत्वचेतून खाली अंतस्त्वचेत उतरतं. खालचा रंग गळून जायला वाट नाही, आणि वरून चोळलेलं क्रीम तिथवर पोचत नाही. ‘सात दिवसांत वांग गायब’ असं लिहिलेल्या डब्यांत बरेचदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण सापडतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे, हे औषध उपयोगी आहे. गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावलं तर स्टेरॉइड अंतस्त्वचा पातळ करतं, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, पुळ्या येतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. २०१८ साली केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड क्रीमना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती सर्रास मिळतात. लग्न ठरलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर हा प्रयोग होतो, याचा मला मनापासून संताप येतो.

कोड म्हणजे मेलॅनोसाइटच नष्ट होणं. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांना मारते. त्वचेचा बाकी सगळा कारभार नीट चालू असतो, फक्त रंग नसतो. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. उपचाराने रंग परत येतो तेव्हा तो बहुधा डागाच्या मधोमध, केसांच्या मुळांभोवती बारीक ठिपक्यांनी येतो, कारण केसाच्या मुळात मेलॅनोसाइटच्या मूळ पेशी राखीव असतात. ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर केस नाहीत, तिथला रंग लवकर भरत नाही. डागातले केसच पांढरे झाले असतील तर तो साठा संपला असं डॉक्टर समजतात.

पहारा

१८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्वचेच्या कापावर सोन्याच्या क्षाराचा रंग चढवला. बाह्यत्वचेत त्याला फाटे फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं, या मज्जातंतूच्या पेशी. त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत हे कळायला पुढे शंभरएक वर्षं गेली. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांनाही याच लँगरहान्सचं नाव आहे.

लँगरहान्स पेशी काटेरी थरात फाटे पसरून बसतात. बाहेरून शिरलेलं परकं काही सापडलं की ते घेऊन त्या जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी जमतात त्या गाठीत जातात आणि तिथल्या टी-पेशी नावाच्या लढाऊ पेशींना दाखवतात. पहिल्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. टी-पेशी मात्र ते लक्षात ठेवतात. तेच पुन्हा लागलं की एक ते तीन दिवसांत ती जागा लाल होते, खाजते, बारीक फोडांनी भरते. बिब्बा उततो तो असाच. पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो, आणि पुढच्या वेळी अंग सुजतं.

गाजर गवताचीही हीच तऱ्हा. हे तण भारतात ठळकपणे नजरेत आलं ते १९५० च्या दशकात, पुण्यात. आज नाशिकच्या प्रत्येक बांधावर आणि रिकाम्या प्लॉटवर ते फोफावलेलं असतं. त्यातलं पार्थेनिन नावाचं रसायन वाळक्या पानांच्या भुग्याबरोबर हवेतून अंगावर येतं. म्हणून पुरळ उठतं ते उघड्या जागी: पापण्या, मान, कोपराची खोबण. ते हाताने उपटायचंच असेल तर पावसाळ्यात, फुलं यायच्या आधी, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून. एकदा वावडं जडलं की ते सहसा आयुष्यभराचं असतं.

द्राक्षाच्या बागेतला धोका याहून वेगळा. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हे रसायन त्वचेला थेट पोळतं. त्याला आधीच्या ओळखीची गरज नसते. शिवाय ते आत शिरतं. त्या दिवशी दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, कारण दारू पचवणाऱ्या एका एन्झाइमला सायनामाइड अडवतं. शृंगी थर सगळीकडे सारखा भक्कम नसतो, हेही फवारणी करणाऱ्याने ध्यानात ठेवावं. हाताच्या पुढच्या भागातून जितकं कीटकनाशक आत जातं त्याच्या कैक पट जांघेच्या आणि वृषणाच्या त्वचेतून जातं. पाठीवरचा पंप गळून पँट भिजली असेल तर ‘वाळेल थोड्या वेळात’ म्हणून काम चालू ठेवू नये. कपडे तिथेच बदलावेत आणि अंग साबणाने धुवावं.

तळच्या थरात मर्केल पेशीही असतात, बोटांच्या टोकांवर जास्त. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश मर्केल यांनी १८७५ साली त्यांचं वर्णन केलं. हलका स्पर्श, कापडाचा पोत, नाण्याची कड, हे सगळं बोटांना कळतं ते यांच्या मदतीने.

दोन थरांची सीमा

बाह्यत्वचा अंतस्त्वचेवर सपाट बसलेली नसते. दोन्हींना उंचवटे आणि खळगे असतात आणि ते एकमेकांत गुंततात. त्यामुळे पकड घट्ट होते आणि खालून येणारं पोषण जास्त पेशींना मिळतं. म्हातारपणी ही सीमा सपाट होत जाते. मग आजोबांचा हात नुसता पलंगाच्या कडेला घासला तरी साल निघते. त्यांना उठवताना हाताला धरून ओढू नये, काखेखाली आधार द्यावा.

बोटांचे ठसेही या सीमेवरच ठरतात, आईच्या पोटात असताना, तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. कांद्याच्या खळ्यावर किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांच्या बोटांची रेघ झिजते आणि रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. मग लोकांना दारातून परत जावं लागतं. झीज शृंगी थरातली असते आणि मूळ नक्षी खाली शाबूत असते. म्हणून थोडे दिवस हाताला आराम मिळाला, रात्री तेल किंवा व्हॅसलिन लावलं की तोच ठसा परत वर येतो. वयाने सीमाच सपाट झाली असेल तर मात्र तो पुरेसा उठत नाही. अशा माणसांसाठी दुसरी ओळख मान्य करणं हाच न्याय आहे.

अंतस्त्वचा

खरी बळकटी अंतस्त्वचेत आहे. फायब्रोब्लास्ट पेशी इथे कोलॅजेनचे तंतू विणतात, ताणून परत जागेवर येण्यासाठी इलॅस्टिनचे. चामड्याच्या चपलेतलं चामडं म्हणजे जनावराची हीच अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, केसांची मुळं, तेलग्रंथी आणि स्पर्श, दाब, ताण ओळखणारी टोकं, सगळं इथे आहे. घामाच्या ग्रंथी अंगभर मिळून २० ते ४० लाख असतात.

कुष्ठरोगाचा जंतू इथल्या मज्जातंतूंवर वस्ती करतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, आणि डोळे मिटून कापसाने स्पर्श केला तरी तिथे कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध तिथे फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो.

आता गोंदण. सुई काजळी अंतस्त्वचेत सोडते. परकं काही आलं म्हणून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावून येतात आणि रंगाचे कण गिळतात. पण ते त्यांना पचवता येत नाहीत आणि तिथून हलवताही येत नाहीत. पूर्वी समज होता की त्याच पेशी जन्मभर रंग धरून बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मरतात, रंग सांडतो, आणि नव्याने आलेल्या पेशी तोच रंग पुन्हा गिळतात. वरची बाह्यत्वचा महिन्या-दीड महिन्याला बदलत राहते, खाली रंग एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जातो. लेझरने गोंदण काढताना हे कण बारीक फोडावे लागतात, म्हणजे ते लसिकावाहिन्यांतून वाहून जाऊ शकतात.

भाजलं तर

खोलीचा प्रश्न सगळ्यात निकडीचा असतो तो भाजल्यावर. नुसती बाह्यत्वचा भाजली तर लाली आणि आग, आठवड्यात सगळं ठीक. अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत गेलं तर फोड येतात, जागा ओली राहते आणि वेदना असह्य होतात. पूर्ण अंतस्त्वचा जळली तर जागा पांढरट किंवा चामड्यासारखी कडक होते आणि तिथे दुखत नाही, कारण मज्जातंतूच जळालेले असतात. ‘दुखत नाही म्हणजे फार भाजलं नाही’ हा समज म्हणूनच जीवघेणा आहे. कोणत्याही भाजण्यावर लगेच २० मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी सोडावं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. खालच्या थरांत उष्णता उतरत राहते, ती पाण्याने थांबते.

बाह्यत्वचा पूर्ण गेली तरी जखम भरू शकते, कारण केसांच्या मुळांचं आणि घामाच्या ग्रंथींचं अस्तर केराटिनोसाइटचंच असतं आणि ते अंतस्त्वचेत खोलवर उतरलेलं असतं. तिथून पेशी वर येतात आणि पसरतात. त्वचारोपण याच गोष्टीवर उभं आहे. शल्यचिकित्सक मांडीवरून पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पापुद्रा घेतात. मांडीवर केसांची मुळं शिल्लक राहतात, म्हणून ती जागा दोनेक आठवड्यांत आपोआप भरते. संपूर्ण अंतस्त्वचा जळालेल्या जागी ही मुळं उरत नाहीत, तिथे रोपण करावंच लागतं.

पातळ पापुद्रा खालच्या जागेतून पोषण शोषून जगतो. जाड भाग हलवायचा तर त्याची रक्तवाहिनी बरोबर न्यावी लागते. पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कापलेलं नाक कपाळाच्या त्वचेतून परत घडवण्याची विद्या मराठी मुलखात खरोखर होती. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने नाक करून दिलं, आणि त्याचं सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. कपाळावरची त्वचा तीन बाजूंनी सोडवून खाली वळवायची, भुवयांमधली पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्त तिथून येतं. नवी जागा धरल्यावर, सुमारे २५ दिवसांनी, ती पट्टी कापायची. युरोपच्या डॉक्टरांनी ही पद्धत इथून उचलली.

१९७५ साली जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी अमेरिकेत माणसाच्या केराटिनोसाइट बशीत वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये अंगाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग भाजलेल्या दोन लहान भावांना तिकडे अशाच वाढवलेल्या पापुद्र्यांनी वाचवलं. त्या पापुद्र्यांत अंतस्त्वचा नव्हती, म्हणजे घाम नाही, केस नाहीत, आणि ते नाजूक. पूर्ण अंतस्त्वचेची बरोबरी करणारं काही प्रयोगशाळेत अजून बनलेलं नाही.

म्हणून त्वचादानाची गरज आहे, आणि नेत्रदानाएवढी त्याची माहिती घरोघर नाही. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत हे करता येतं. मांड्या, पाय आणि पाठ इथून तोच पातळ पापुद्रा घेतात, देह विद्रूप होत नाही, आणि अंत्यसंस्काराच्या आधी पट्टी बांधून देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा ५ वर्षांपर्यंत ठेवता येते. रुग्णाच्या अंगावर ती कायमची टिकत नाही. काही आठवड्यांनी त्याची प्रतिकारशक्ती तिला परकी ठरवून सोडवून टाकते. तोपर्यंत अंगातलं पाणी आत राहतं, जंतू बाहेर राहतात, आणि रुग्णाची स्वतःची मांडी भरून आलेली असते. तिथून पुन्हा एकदा पापुद्रा घेता येतो.